महांतप्पाच्या पेवातला खून

मुरूम,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. राजेश्वरी हिस आज्जीचे अ. उ. आ.

सगळ्यात आधी आला महांतप्पा, चप्पल न काढता. मागनं बायको मथुराबाई, तिच्यामागं त्यांची पोरगी, तुझ्या वर्गातली शिवलीला, हातात तुझी गोष्ट छापलेला दिवाळी अंक. म्हणला, अव्वा, नातीनं मला खुनी केलं. म्हणलं, बस, च्या घे, मग खून बघू.

मग मी ती गोष्ट दोन दिवस बोट ठेवून ठेवून वाचली. खुन्याची एकच भुवई पांढरी, घरामागं जमिनीत खणलेलं ज्वारीचं पेव, पेवात अडत्याचं मढं. अगं, तसली भुवई आन् तसलं पेव अख्ख्या मुरूमात एकाच्याच नशिबी! मी लई हसले. पण एक तारखेला शिवलीलेला बघायला आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीचे पाव्हणे येणारेत, आन् पोराची आई कमलबाई एक दिवाळी अंक सोडत न्हाय. खुन्याच्या घरची पोरगी नको म्हणाली तर?

आन् तुझा खुनी पेव उघडून लगेच खाली उतरतो व्हय? बंद पेवात वाईट वाफ कोंडती. दिवसभर उघडं ठेवून कंदील सोडतात, विझला तर उतरत न्हाईत. तुझा खुनी मढ्याशेजारीच आडवा झाला असता.

फोन करत न्हाय, तिकडं तुझी आई स्पीकर लावती. लोभ हाये तो वाढव, खून कमी कर.

तुझी आज्जी,
नागूबाई


पुणे,
२३ नोव्हेंबर २०२४

ती. आज्जीस शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. महांतप्पाकाका लहानपणी मला बोरं द्यायचे. ज्याचा कुणाला संशय येणार नाही असा खुनी हवा होता, म्हणून तेच डोळ्यांपुढं आले. मला आधी माणूस दिसतो, खून मागाहून सुचतो. भुवई बदलायला हवी होती, पण सोडवेना.

काकांची माफी मागते. पण वाफेची चूक कुणाला सांगू नकोस, हात जोडते. याच गोष्टीवर माझं पहिलं पुस्तक ठरलंय. खेड्यातले खून हिनंच लिहावेत असं लोक म्हणायला लागलेत, आणि मी पेव फक्त झाकण लावलेलं पाहिलंय! पुस्तकात गुपचूप दुरुस्त करीन.

लोभ असावा आणि तोंड बंद असावं.

तुझी राजू


मुरूम,
२ डिसेंबर २०२४

चि. राजू, आशीर्वाद हायेतच. तोंड उघडलं.

कमलबाईनं पोह्याला हात लावायच्या आधी पेव कुठंय विचारलं. मग भुवईकडं टक लावली. महांतप्पाला घाम फुटला, शिवलीलेचं तोंड एवढंसं झालं. तवा माझ्यानं ऱ्हाववलं न्हाय. म्हणलं, बाई, ज्यानं चाळीस वर्षं पेवं उघडली त्यो कंदील न सोडता उतरंल का? हा खून महांतप्पाचा न्हवंच. हा माझ्या नातीचा, तिला पेवातलं काय बी कळत न्हाय.

कमलबाई पदर तोंडाला लावून ठसका लागस्तोवर हसली. म्हणाली, वाचतानाच खटकलं व्हतं! पोरगी पसंत.

मग आम्ही बसून तुझा खून नीट केला. खुन्यानं उतरायचंच न्हाय. अडत्याला म्हणायचं, उतरून ज्वारी बघून घ्या, आन् कंदील घरी इसरायचा. महांतप्पा रंगात येऊन म्हणला, पावसाळा संपल्यावर उघडलेलं पेव घ्या, वाफ जास्त. कमलबाईनं त्याच्याकडं परत एकदा बघितलं.

तुझं नाव गेलं, शिवलीलेचं जमलं. रागव, पण लोभ सोडू नगंस.

तुझी आज्जी

ता. क. पाव्हणे साखरपुड्याला शुक्रवारी, तेरा तारखेला परत येतो म्हणून गेलेत. कमलबाईला पेवात कंदील सोडताना बघायचाय. तूबी ये. महांतप्पा गुरुवारीच उघडून ठेवणार हाये.