पाचकरसाची परेड

ती. वन्संना मनूचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? भाऊजींची साखर उतरली का? इकडे मी बरी आहे, पाडी बरी आहे. तुमच्या बंधूंचं सांगते, त्यासाठीच हे पत्र. (फोन केला असता, पण फोन लावला की हे खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि माझी वाक्यं दुरुस्त करतात.)

आपली जर्सी गाय व्यायली, पाडी झाली. पलटणीतून सुभेदार होऊन आल्यापासून ह्यांच्या हाताखाली कुणी नव्हतं, आता आलं. चीक पाजला, इथवर ठीक. मग तुमच्या प्रांजलचा फोन आला. पोरगी गुरांची डॉक्टर व्हायला निघालीय, कौतुकच आहे, पण तिनं मामाला सांगितलं, की वासराच्या पोटात पाचकरस तयार होतात ते खाण्याप्रमाणं. जसं खाणं तसा रस. पुढे ती बरंच बोलत होती, पण ह्यांनी तेवढ्यावरच फोन ठेवला. "म्हंजे पोटालाबी ट्रेनिंग लागतंय," म्हणाले, आणि आठवड्याच्या पाडीचं दूध निम्म्यावर आणून सोयाबीनच्या पिठाची पेज सुरू केली. मी म्हटलं, "आवं, तान्हं हाय ते." तर म्हणाले, "सवय लावली की लागती. मला सियाचीनला लागली न्हवं?" (तिथे तुम्हाला सोयाबीनची पेज देत होते का, असं मी विचारलं. हे पातेलं उचलून गोठ्यात गेले.)

सवय लागली नाही, हगवण लागली. पाडीचे डोळे खोल गेले, कान गार पडले, उठेचना. डॉक्टर आले ते पेजेचं पातेलं बघून आधी ह्यांनाच बोलले, "हंबीरराव, एवढ्याशा वासराला दूध पचवायचेच रस असतात. पीठ पचवायचे अजून यायचेत. ते यावेत म्हणून दुधाच्या जोडीला थोडा थोडा धान्याचा भरडा चाटवायचा, दूध तोडायचं नाही." सलाईन लावलं. बाटली टांगायला गोठ्यात खुंटी नव्हती, तर तुमचे बंधू दुपारभर ती वर धरून उभे. बाटली माझ्याकडे दिली नाही. प्रांजल फोनवर रडकुंडीला आली, "मामा, मी हळूहळू म्हणाले होते!" हे म्हणाले, "ते ऐकू आलं न्हाई. रेंज न्हवती."

पाडी वाचली, आणि आता उलटंच सुरू झालंय. भरड्याचं नाव काढलं तरी अंगावर येतात. दोन महिने झाले, पाडी नुसती दुधावर. डेअरीला दूध घालणं बंद, मला चहा कोरा. डॉक्टर पुन्हा ओरडून गेले, की अशानं दुसरे रस येणारच नाहीत, रवंथीचं पोट वाढायचं कसं? मी भरड्याची वाटी पुढे नेली की पाडी ह्यांच्या मागे लपते आणि हे छाती काढून पुढे येतात. दोघांशी मी एकटी कशी लढू, तुम्हीच सांगा.

पोरांना आशीर्वाद.

तुमची,
मनू

ता. क. : खरं काम असं, की नागपंचमीला शिराळ्याला जाऊ म्हणून ह्यांना तुमच्याकडे इस्लामपूरला बोलावून घ्या, आणि पुढे आठ-दहा दिवस सोडू नका. तेवढ्यात मी पाडीला भरड्यावर आणते.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवायच्या आत लिहिते. आज हे बँकेच्या कामाला कडेगावला गेले, तर पाडीनं माझ्या हातचं दूधसुद्धा घेतलं नाही. फाटकाकडे तोंड करून हंबरत राहिली. हे आले, तिला कुरवाळत बसले. मी भरड्याची वाटी ह्यांच्या हातात ठेवली. पाडीनं ह्यांच्या तळव्यावरून भरडा चाटला. मग आणखी मागितला. "खाल्लं गं, मनू," म्हणाले आणि तोंड फिरवलं. सुभेदारसुद्धा रडतात हे मला ठाऊक नव्हतं, वन्सं. बोलावणं राहू द्या.

शेवटचा ता. क. : बोलवाच. भरड्याची पिशवी घेऊन हे आता गल्लीतल्या सगळ्या वासरांना शिकवायला निघालेत, आणि शेजारच्यांची म्हैस मारकी आहे.