नवापूरला उघडलेली बाटली

उधना, सूरत
६ जानेवारी २०२५

चि. ललित यास अ. उ. आ.

फोनवर बोलले असते, पण हे शेजारीच असतात. कॅन्सरचे शेक संपून आठ महिने झाले, तरी यांच्या जिभेला चव नाही. ताट तसंच सारतात. परवा मी भाजीत मीठ विसरले, तर म्हणे फक्कड झाली! मला रडू आलं रे. डॉक्टरांनी पोटात नळी घालायला तीस तारीख दिली आहे. चव आली, जेवू लागले, तरच टळेल.

आता यांचा एकच हट्ट, तुझ्या वायनरीतली ती सहा हजारांची वाईन. एवढी महाग, म्हणजे जिभेला कळेलच, म्हणतात. डॉक्टर रागावले, मग एका घोटाला हो म्हणाले. इथे दारूबंदी, म्हणून हद्दीपलीकडे नवापूरला शोभामावशीकडे ये.

तुझी ताई, उषा

नाशिक
१३ जानेवारी

ती. उषाताईस सा. न. वि. वि.

सहा हजार कशाला घालवतेस? महागडी काय नि स्वस्त काय, दोन्ही वाईन बाटलीत मीच भरतो. त्या महागडीची काच तेवढी जड! आमची साडेचारशेची तिच्याहून सरस, आम्ही कामगार घरी तीच नेतो. दाजींना वाचून दाखव: आधी पिकलं जांभूळ, मग मिरी, शेवटी चिंचेसारखी आंबूस. रविवारी येतो.

माया राहू दे.
ललित

उधना
२१ जानेवारी

चि. ललित यास अ. उ. आ.

काल घरी आल्यावर यांनी अर्धी भाकरी खाल्ली! जांभूळ, मिरी, चिंच, तू लिहिलं तसंच ओळखलं की रे. मावशीने तर देवापुढे साखर ठेवली. मी आजच दवाखान्यात जाऊन नळीची तारीख रद्द केली. तुझ्या साडेचारशेच्या बाटलीला माझा नमस्कार.

तुझी ताई, उषा

नाशिक
२५ जानेवारी

ती. ताईस सा. न.

हे दाजींना वाचून दाखवू नकोस. ती साडेचारशेची संपली होती. शेजारच्या वायनरीतली दुसरी मिळाली, ती कागदात गुंडाळून आणली. दाजींनी तोंड वाकडं केलं की सांगून हसायचं ठरवलं होतं. तिला नुसता ओल्या लाकडाचा कडवटपणा. जांभूळ औषधालाही नाही.

दाजी माझ्याकडे बघत एकेक नाव घेत होते. माझं पत्र त्यांनी पाठ केलं होतं, ताई. तू इतकी खुलली होतीस की मीही मान डोलावत राहिलो. चूक माझीच.

नळीची तारीख पुन्हा घे. डॉक्टरांनीच बोलावलं म्हणून सांग. मला कळलंय, हे त्यांना कळू देऊ नकोस. त्या दिवशी मी येतो. या खेपेला काही आणत नाही.

रागावलीस तरी माया तोडू नकोस.
तुझा ललित