डबीला लोकरीची टोपी

मोर्वेनाताई,

न्यूकॅसलहून तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. मी मजेत आहे.

वीज कंपनीने स्वयंपाकघरात वीज मोजणारी एक डबी बसवलीय. विजेवर चहाचं पाणी ठेवलं की ती लालबुंद होऊन माझ्याकडे बघते. रेडिओवर मंत्रीसाहेब म्हणतात, “विजेचे दर लवकरच उतरतील.” गेल्या हिवाळ्यातही हेच पुराण! शेवटी वैतागून तू विणलेली किटलीची लोकरी टोपी मी डबीवर चढवली.

शेजारची मॅविस हसली, “अहो, टोपी घालून बिल थांबतं का?”

म्हटलं, “बिल नाही थांबत, पण चहा तरी सुखाने पिता येतो!”

तुझा गुडघा कसा आहे? हीटर लावून बसत जा, उगाच काटकसर करू नकोस.

अक्षर वाकडं आलंय म्हणून हसू नकोस. हातमोजे घालून लिहितोय.

तुझाच,
हेडली