आवाज माहा, तोंड कपिलचं

९ जानेवारी

हरामखोर! आवाज माहा, अन् व्हिडिओत तोंड कपिलचं!

सकाळी पुसदहून जीपनं निघालो. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमधी शूटिंग होतं. आमच्या बँडचं नाव बोंडअळी. तेही कपिलनंच ठेवलं. गिटार त्याची, जीप त्याच्या मामाची, म्हणून सगळं त्याचंच. पण 'थांबा नाही' हे गाणं माहं. मी लिहिलं, मीच गायलं. रेकॉर्डिंगच्या वेळी कपिलनंही गाऊन पाह्यलं, तर ड्रम वाजवणारी मोनाली म्हणे, "राहू दे भाऊ, शेजारचे भांडाले येतीन." तेव्हा दात काढून हसला होता. आज वचपा काढला.

कॅमेरा गोविंदाकडं. हा एरवी लग्नाचं शूटिंग करतो. सवयीनं ओरडते — "नवरदेव, इकडं पाहा!" खडूनं फुली मारून मले तिच्यावर उभं केलं. हलायचं नाही म्हणे. गिटारीची वायर कशालेच जोडलेली नाही, नुसती दगडाखाली दाबलेली. धुरासाठी गोवऱ्या पेटवल्या. डोळ्याले धारा. तेवढ्यात भिंतीपल्याडून एक माणूस उंटं घेऊन चालला. यवतमाळ जिल्ह्यात उंट! गेलो विचारायले. कच्छचा म्हणे, मेंढरं घेऊन सालभर इकडंच फिरतो. घर कुठं, तर म्हणे उंटावर. त्याच्यासोबत जरा पुढंपर्यंत गेलतो, बस.

परत आलो तर ऊन उतरलेलं. माह्या फुलीवर कपिल. अंगात मी काढून ठेवलेलं माहंच जॅकेट!

"तू एका जागी थांबत नाहीस बे," म्हणे.

पाच मिनिटं गेलतो!

"दोन तास," मोनाली म्हणे. तीही त्याच्याचकडून.

१० जानेवारी

याडीले फोन केला नाही. आईले आम्ही बंजारे याडी म्हणतो. तिनं साऱ्या तांड्यात सांगून ठेवलंय — लखन मोबाईलवर येणार.

१२ जानेवारी

परत जिनिंग. आज मात्र मजा आली! गोविंदाले कपिलचे केस हळू हळू उडताना पाहिजेत. त्यासाठी गाणं दुप्पट वेगानं वाजवतात, गाणाऱ्यानं तेवढ्याच वेगानं तोंड हलवायचं. मागून चित्र हळू केलं की ओठ बरोबर गाण्यावर बसतात. कपिलच्यानं जमेचना! मासा पाण्याबाहेर काढल्यासारखं तोंड. गोविंदा म्हणे, "नवरदेव, गाऊन राह्यले का जेवून राह्यले?"

मी कोपऱ्यात बसून म्हणत होतो. माह्या तोंडात शब्द न् शब्द बसलेला. गोविंदानं पाह्यलं. "याचेच ओठ घेऊ. जवळून."

नाकाच्या खाली, हनुवटीच्या वर. एवढाच मी.

"मंग बाकीचा मी कायले आलो?" मी म्हणलो. कोणी हसलं नाही.

"बँडसाठी कर ना यार," कपिल म्हणे.

बँडसाठी! मिशी काढायले लावली, कारण कपिलले मिशी नाही. काढली. मी काहून काढली?

२ फेब्रुवारी

व्हिडिओ आला. पोट्टे खाली लिहून राह्यले — कपिलभाऊ, काय आवाज! कपिलभाऊ आग!! कपिल सगळ्यांले हात जोडल्याचं चित्र पाठवते. एकालेही सांगत नाही, आवाज लखनचा आहे म्हणून.

याडीचा फोन. "तू कुठं हायेस त्यात?"

"ओठ माहे हायेत."

ती मंग म्हणे, "मिशी काहून काढली रे?"

५ फेब्रुवारी

जिल्ह्याच्या पार टोकाले, झरी जामणीले आलो. कायले, माहीत नाही. टपरीवर तेच गाणं लागलं. चहा अर्धा टाकून उठलो.

१४ फेब्रुवारी

कपिल शोधत आला. ढाणकीच्या एका मंडळानं कार्यक्रमाले बोलावलं. तिथं खरं गावं लागते! म्हणे, "तू पडद्यामागून गा, मी पुढं तोंड हलवतो. तुले माहीत हाये ना, लोकांले व्हिडिओतलाच माणूस पाहिजे."

मी लगेच हो म्हणलो. चहाही पाजला त्याले.

त्याले काय माहीत! दुसऱ्या कडव्याले मी एकदम गप होणार. सारं ढाणकी पाहील — कपिलचं तोंड उघडं अन् आवाज नाही! हसतीन, शिट्ट्या मारतीन. मंग मी पडदा सारून बाहेर येणार, तिथूनच पुढचं गाणार. माहं जॅकेट घालून. याडीले सांगितलं, ये, पुढच्या रांगेत बस.

मिशी वाढून राह्यली.

२२ फेब्रुवारी, ढाणकी

दुसऱ्या कडव्याले गप झालो. कपिल एक घडी थांबला, अन् स्वतःच गायले लागला. बेसूर! पार बेसूर! लोकं तेवढेच नाचून राह्यले. पडदा सारायले हात घातला, अन् फटीतूनच पाह्यलं — पुढच्या रांगेत याडी. तीही टाळ्या वाजवून राह्यली होती.