सव्वा किलो घाम

कारधा, मार्चचा शेवटचा आठवडा

तीर्थरूप यादोदादास धाकट्या लीलाचा जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढता येतो का? (नाकाडोंगरीच्या तुझ्या घराला जिना नाही हे मला माहीत आहे, पण डॉक्टर असंच विचारतात.) साधनावहिनींना आठवण सांग. इकडे आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. बऱ्या म्हणजे मी बरी आहे आणि प्रतिक्षा वाळली आहे, पण ते पुढे येईलच.

तू फोनवर फार ओरडलास. "पोरीले भर दुपारी पळवून राहिली, डोकं फिरलं का तुहं?" असं म्हणालास आणि मी उत्तर द्यायच्या आत फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही. जयंतीनंतरच्या रविवारी आंधळगावचे पाहुणे प्रतिक्षाला पाहायला येणार, त्याच रविवारी तिची मोठी शर्यत, आणि दोन्हींतलं काय ते ठरवून मी तुला कळवायचं आहे, हे ध्यानात आहे. मी शब्द दिला होता, की मार्चच्या पहिल्या शर्यतीत तिला ऊन लागलं तर मी स्वतः तिची सायकल माळ्यावर टाकीन. ती शर्यत परवा झाली. काय घडलं ते सगळं लिहिते.

आधी ट्रायथलॉन म्हणजे काय ते सांगते, कारण तू लोकांना 'सायकलची शर्यत' सांगतोस. आधी पोहायचं, ओल्या अंगाने सायकलवर बसायचं, सायकल टेकवून पळत सुटायचं, आणि मध्ये बसायला कुठेही जागा नाही. पहाटे ती वैनगंगेत पोहते आणि मी काठावर तिचे जोडे आणि टॉवेल सांभाळते. धरणाचं पाणी चढल्यापासून नदी आपल्या इथे फार रुंद झाली आहे. धुकं असलं की पलीकडचं भंडारा दिसतच नाही, नुसता पूल हवेत टांगल्यासारखा दिसतो. त्या पांढऱ्यात तिची पिवळी टोपी लहान लहान होत जाते. मी वाचनालयाचं पुस्तक घेऊन बसते, पण पान काही उलटत नाही. तिचे बाबा इथेच म्हशीची शेपटी धरून पोहायला शिकले आणि त्यांनी तिला शेपटीशिवाय शिकवलं. कधी डोळा लागल्यासारखा होतो तेव्हा पाण्यात दोन डोकी दिसतात, एक टोपीचं आणि एक बिनटोपीचं. मी डोळे चोळत नाही. आपोआप एकच राहतं.

आता दुपारच्या पळण्याचं. तिचे शिकवणारे भैयाजी सर म्हणतात की शर्यत उन्हात असते, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला अंगाला ऊन शिकवायचं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस, आणि तेही हळू. मी म्हटलं, "सर, आमच्या घरात ऊन शिकलेलं माणूस एक होतं. जन्मभर शिकलं होतं." सर म्हणाले, "ताई, म्हणूनच मोजून शिकवू." मोजायचं म्हणजे असं, की पळण्याआधी वजन करायचं आणि पळून आल्यावर परत करायचं. जेवढं उतरलं तेवढा घाम, आणि तेवढं पाणी आणि मीठ पोटात परत गेलं पाहिजे.

घरी काटा नाही. म्हणून श्रावणच्या धानगिरणीतल्या काट्यावर, पोत्यांच्या रांगेत, माझी पोर रोज दोनदा उभी राहू लागली. (पहिल्या दिवशी हमालाने सवयीने तिच्याही अंगाला पोती ओढायचा लोखंडी आकडा लावायला हात पुढे केला होता.) पहिल्या आठवड्यात रोजचं मिळून सव्वा किलो उतरली. श्रावण म्हणाला, "मावशी, धान वाळला त मी भाव वाढवून देतो. पोरगी वाळली त कोनाले काय देऊ?" मी म्हटलं, "तू आकडा सांग, वाळवण तिची माय पाहून घेईल." तो आकडा मी दिनदर्शिकेवर रोज लिहिते. ज्या दिवशी घाम जास्त, त्या दिवशी मला झोप बरी लागते. का, ते शेवटी लिहीन.

खाण्याचं सांगायचं तर पळण्याआधी तांदळाची पेज आणि गूळ, आल्यावर भात, लाखोळीची डाळ, उकडलेलं अंडं. सायकलवर पिण्यासाठी बाजारात रंगीत पाणी मिळतं. मला ते काही पटेना. मी शर्यतीच्या आदल्या दिवशी आंबील लावली, मीठ जरा जास्त घातलं, आणि पहाटे तिच्या दोन्ही बाटल्यांतलं रंगीत पाणी ओतून देऊन त्यात भरली. झाकणं अशी घट्ट पिळली की उघडायला पैलवान लागावा. आणि ऊन लागू नये म्हणून तिच्या सदऱ्याच्या पाठीमागच्या खिशात एक कांदा ठेवला.

दादा, आंबील बंद डब्यात नुसती बसून राहत नाही, फसफसते, हे मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. पण त्या पहाटे मला आंबील दिसत नव्हती, ऊन दिसत होतं. पोहण्यात ती पुढच्यांत होती. सायकलचे सहा किलोमीटर झाले आणि उन्हात तापलेली पहिली बाटली फुटली. फुटली म्हणजे सुतळी बॉम्बसारखी. मागची पोरगी चाक पंक्चर झालं समजून उतरली. दोन किलोमीटरवर दुसरी फुटली. माझी पोर सायकल ठेवायला आली तेव्हा तोंडावर आंबील, चष्म्यावर आंबील, केसांत आंबील. मला बघून म्हणाली, "आई, तुही आंबील माह्याआधी पोचली!" आणि कांदा माझ्याकडे फेकून, पळायची पिवळी टोपी डोक्यावर ओढून पळत सुटली. पोटात पाण्याचा घोट नाही, डोक्यावर साडेअकराचं ऊन, आणि पाच किलोमीटर बाकी.

मी बादली उचलली. कुणाची ते विचारू नकोस. वळणावर पिवळी टोपी आली तशी सगळी बादली तिच्या डोक्यावर रिकामी केली. ती गोंदियाची कोणी पोलीसबाई निघाली. म्हणाली, "मावशी, पुढच्या फेरीतही टाकजो!" शिट्टी वाजवत पंच धावत आले. "बाई, काहून टाकून राहिल्या पाणी? बाहेरच्या माणसाने एकीले मदत केली त ती बाद होते." मी विचारलं, "आणि सगळ्यांले केली त?" त्यांनी पाण्याच्या टेबलाकडे पाहिलं. तिथली दोन्ही माणसं सावलीत जाऊन बसली होती. पंचांनी स्वतःच्या गळ्यातला बिल्ला काढून माझ्या गळ्यात घातला.

मग मी सगळ्यांवर पाणी टाकलं. पुरुषांवर, पोरींवर, एका म्हाताऱ्या साहेबांवर (ते नुसते पाहायला आले होते). प्रतिक्षा आली, तिला ग्लास दिला, तिच्यावरही टाकलं, तेवढंच, जेवढं इतरांवर. ती अकरावी आली.

शेवटी लिहीन म्हटलं होतं. प्रतिक्षाचे बाबा उन्हाळी धान कापत होते आणि मी पाणी आणायला गेले होते. घागर घेऊन परत आले तेव्हा ते बांधाला टेकून बसले होते. मी मानेला हात लावला, तर मान तापलेली आणि अगदी कोरडी, घामाचा थेंब नाही. परवा शर्यत संपल्यावर मी पोरीच्या मानेला तसाच हात लावला. चिंब होती. नुसतं पाणी असेल म्हणून मी बोट जिभेला लावून पाहिलं. खारट होतं.

वहिनींना नमस्कार, तुझ्या गुडघ्याला आराम पडो.

तुझी बहीण
लीला

ता.क. सायकल माळ्यावर टाकलेली नाही. आंधळगावकरांना त्या रविवारी येऊ नका म्हणून कळव. यायचंच असेल तर शर्यतीवर यावं. मुलगी दिसेल, फक्त थांबणार नाही.

ता.क. २. पंचांनी जयंतीनंतरच्या शर्यतीत शेवटचं पाण्याचं ठिकाण माझ्याकडे दिलं आहे. तिथे दोन ड्रम आहेत आणि ते उचलायला माणूस नाही. तुझा गुडघा दुखतो, हात नाही. शनिवारीच ये. त्या दिवशी बांधावर पाणी घेऊन कोणी उभं नव्हतं, या खेपेला आपण दोघं असू.

ता.क. ३. येताना खिशात कांदा ठेव. हा तुझ्यासाठी. तिच्या कांद्याची मी भाजी केली.