तापत होता, आबा

आबा,

आज घरात आलं ते असं. कॉम्प्युटरच्या आतला पंखा एक, साडेचारशे रुपये. पंख्याखाली लावायच्या पांढऱ्या मलमाची करंगळीएवढी नळी, दीडशे. रुपयाच्या नाण्याएवढा सेल, तीस. उघडून, झाडून, बसवून द्यायची मजुरी तीनशे. एकूण नऊशे तीस. घरखर्चाच्या वहीत, दुरुस्तीच्या पानावर, खर्चापुढे कारणाचा एक शब्द लिहायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. मिक्सरची वायर उंदरानं कुरतडली, तर पुढे 'उंदीर'. वीज कमीजास्त होऊन बल्ब गेला, तर पुढे 'वीज'. कॉम्प्युटरच्या खर्चापुढे जुन्या पानांवर सहा ठिकाणी मी 'आबा' लिहून ठेवलंय. आज ती जागा मोकळी सोडली, आणि वही मिटून हे लिहायला बसले.

तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. तुमच्या नातीच्या शाळेसाठी आणि ढोबळी मिरचीच्या बाजारातून येणाऱ्या विक्रीच्या पट्ट्यांचा हिशोब ठेवायला म्हणून तो कॉम्प्युटर बारामतीहून आणला, त्याला सोळा. आणला त्या दिवशी मी त्याला हळदीकुंकू वाहिलं, स्वस्तिक काढलं, आणि तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "घोडी कितीची हाय?" तुमच्या लेकानं सांगितलं, "आबा, ह्याला घोडी नसते." तुम्ही म्हणालात, "मग ओढतंय कशानं?" सगळे हसलो. तुम्ही मोटरवाले, हॉर्सपॉवरला घोडी म्हणणारे. कन्हेरीपासून पार कळंबपर्यंत कुणाच्या विहिरीतली पाणबुडी मोटर जळाली की तुम्हाला बोलावणं यायचं. नुसता तळहात ठेवून तुम्ही सांगायचा, वाइंडिंग गेलंय का बेअरिंग. साठी उलटल्यावर तुमच्या मनात आलं की एवढ्या विहिरी केल्या, त्यांची नोंद कुठं नाही. कुणाची विहीर, किती खोल, कुठली मोटर, कधी काय बिघडलं. मागून येणाऱ्या मिस्त्रीला उपयोगी पडेल. तुमच्या नातीकडून तुम्ही कीबोर्डवरची अक्षरं शिकलात आणि सकाळी सगळे कामाला गेले, माझी पूजा आटोपली, की एका बोटानं टाईप करायला बसू लागलात. 'क' सापडला की मोठ्यानं म्हणायचा, "हा बघा, घावला."

आणि मग तो हँग व्हायला लागला. कधी अर्ध्या तासात, कधी पाऊण तासात, पडदा आहे तसा थिजायचा. माऊस हलायचा नाही, बटण दाबून बंद करावा लागायचा आणि लिहिलेलं सगळं जायचं. तुमची नोंदवही दर वेळी पहिल्या विहिरीपासून सुरू व्हायची. आम्ही काय काय केलं आठवा. दोनदा सगळं पुसून नव्यानं भरून घेतलं. व्हायरस म्हणून औषधाची सीडी आणली. वीज खालीवर होते म्हणून स्टॅबिलायझर आणला. टेबल पूर्वेला फिरवलं, नारळ फोडला. शेवटी मी माझ्या पद्धतीनं तपास काढला. वहीत रकाने आखले: तारीख, चालू कधी केला, थिजला कधी, आणि कोण बसलं होतं. दोन महिने बिनचूक लिहिलं. चौथ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत तुमचं नाव आलं. मी वही तुमच्या लेकापुढे ठेवली. "बघा," म्हटलं, "मी सांगत नव्हते? आबाच कायतरी दाबतात."

तुम्ही मात्र एकच म्हणत होता. "तापतंय, सूनबाई. ह्याचा दम कोंडतोय. हात लावून बघ." मी म्हणायची, "तुमच्या मोटरी वेगळ्या आबा, हे वेगळं असतं." मी हात लावला नाही. दहावी झालेली मी, तुम्ही चौथीतून शाळा सोडलेले. एवढाच तो फरक होता, आणि मी तो बराच वर ठेवला होता.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी हळदीकुंकवाहून परत येतेय. सोप्यात कळंबचे दोघे बसलेत, विहिरीच्या मोटरीसाठी तुम्हाला न्यायला आलेले, पुढ्यात पाण्याचा तांब्या. आणि तुम्ही खाली पोत्यावर बसून त्या डब्याची कड, म्हणजे बाजूचा पत्रा, उघडलेली, स्क्रू ताटलीत ओळीनं मांडलेले, हातात नवाकोरा रंगाचा ब्रश. तुम्ही मान वाकवून आत बघताय. मला काय झालं कोण जाणे. भरल्या ओटीनिशी मी उंबऱ्यातूनच ओरडले. "जन्मभर लोकांच्या मोटरी बिघडवल्या, तेवढं पुरलं नाही? आता घरातली लक्ष्मी फोडायला बसलात?"

कळंबच्यातला एक जण हसला. "चला आबा, आमची तर बिघडलेलीच हाय. आनिक काय बिघडायचंय!" दुसरा हसला नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलं, पुन्हा आत बघितलं, आणि ब्रश न फिरवताच कड बसवली. सगळे स्क्रू लावलेत, एकही उरला नाही. मग त्या दोघांना म्हणालात, "आज न्हाय जमायचं. दुसरा कोन तर बघा." संध्याकाळी भाकरी वाढली तेव्हा, "आमटी चांगली झालीय," एवढं म्हणालात, आणि ती काही चांगली झाली नव्हती.

त्यानंतर तुम्ही कॉम्प्युटरला शिवला नाहीत. नोंद अकराव्या विहिरीपुढे कधी गेलीच नाही. कळंबचं बोलावणं पुन्हा आलं नाही. त्यांनी ती गोष्ट थट्टा म्हणून सांगितली असेल, पण मोटरवाल्याच्या घरचीच माणसं असं बोलतात म्हटल्यावर कोण बोलावील? हळूहळू जवळची बोलावणीही कमी झाली. घरातही तो शब्द रुळला. टीव्ही अडकला, मोबाईल अडकला, की पोरं म्हणतात, "आबांचा हात लागला." त्यातल्या धाकट्यानं तुम्हाला पाहिलेलंही नाही. तपासाची वही मी तेव्हाच बंद केली होती. चोर सापडल्यावर पंचनामा कोण चालू ठेवतो? तुम्ही गेल्यावरही तो थिजतच राहिला, तर मी म्हणायची, "तेव्हा उघडला ना, तेव्हापासून गेला तो कामातून."

यंदा तो दहा मिनिटंसुद्धा टिकेना. तुमचा लेक म्हणाला, नवा घेऊ. मी म्हटलं, पंधरावीस हजार घालण्याआधी एकदा दाखवू. मागच्या आठवड्यात बारामतीच्या दुरुस्तीवाल्या भाईंना फोन केला. पन्नाशीचे गृहस्थ, मोजकं बोलणारे. ते आज सकाळी आले तेव्हा घरात मी एकटीच होते. त्यांनी विचारलं, "काकू, कधी बंद पडतो? काय ठरावीक असं हाय का?" मला मिरवायची हौस, मी माळ्यावरून ती जुनी वही काढून दिली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली. "हे आबा कोन?"

"माझे सासरे. त्यांनीच बिघडवला."

ते बोट फिरवत राहिले. "काकू, ह्यात मानूस बघू नका. येळ बघा. चालू केल्यापासून थिजंपतूर दर बारीला अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर हाय. बाकीचे किती येळ बसायचे?"

मी सांगितलं, पट्टी भरायला दहा मिनिटं, पोरीचा अभ्यास पंधरा मिनिटं.

"आन आबा?"

"तासभर."

"मग दुसऱ्या कुनाच्या हातात कसा थिजंल? ह्यो तापत होता."

त्यांनी वरचं झाकण काढायला घेतलं. 'झाकण' म्हणजे मी विणलेला क्रोशाचा रुमाल. धूळ बसू नये, चीज टिकावी, म्हणून मी तो वरून आणि मागून असा घातला होता की पडद्यापुढे बसणाऱ्याला अडचण होऊ नये. सोळा वर्षांत तो धुण्यापुरताच निघाला. मग त्यांनी कड उघडली, आणि आबा, खोलीत देवघराचा वास सुटला. चंदनाचा, जुना. आत काजळीसारखा चिकट काळा थर. पंखा त्यात रुतून बसलेला. भाईंनी चिमट्यानं एकेक काडी ओढायला सुरुवात केली. रोज सकाळी देवाची पूजा झाली की एक उदबत्ती मी लक्ष्मी म्हणून त्या डब्यालाही लावत होते. उदबत्तीचं वेगळं घर कशाला विकत आणा, रुमाल जरा वर खोचला की मागच्या जाळीच्या फटीत काडी अगदी घट्ट बसायची. जळून उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशीच्या काडीनं आत ढकलला जायचा. भाईंनी मोळी पेपरावर ठेवली. हसू दाबत म्हणाले, "काकू, देव पावला तुमाला. नायतर पेटलाच असता की." मग माझा चेहरा बघून त्यांनी नवा पंखा बसवायला घेतला. दोन तास चालू ठेवून दाखवला. एकदाही थिजला नाही. मी हात लावून बघितला. कोमटसुद्धा नव्हता.

ते गेल्यावर मी त्या काड्यांपुढे बसून राहिले. मनात एकच गोष्ट फिरत होती. तुम्ही कड उघडली त्या दिवशीही त्या आत असणार. आतापेक्षा कमी, पण असणार. तुम्ही वाकून बघत होता ते त्यांच्याकडेच. मी ओरडले तेव्हा तुम्हाला कारण सापडलेलं होतं. त्या दोघांसमोर, "ही बघ, तुझी उदबत्ती," एवढं म्हणाला असता तरी हसणं माझ्यावर उलटलं असतं आणि तुमचं नाव राहिलं असतं. तुम्ही पाहुण्यांपुढे सुनेची लाज राखली आणि कड लावून टाकली. मी ह्याला तेव्हा काय समजले सांगू? चोरी पकडली गेली म्हणून तोंड बंद झालं, असं समजले.

आता पुढचंही लिहिते. दुपारी तुमचा लेक जेवायला आला. कॉम्प्युटर चालू बघून खूश झाला. "काय निघालं?" म्हणाला. मी म्हटलं, "पंखा गेला होता." काड्या तोवर मी चुलीत घातल्या होत्या. तो घास घेता घेता म्हणाला, "आबांनी उघडला होता ना एकदा, तेव्हाच ढिला पडला असणार." आणि मी त्याच्या ताटात भाजी वाढत म्हटलं, "असेल."

असेल म्हटलं, आबा. पूर्वी मी चुकले ते अज्ञानानं, असं देवापुढे सांगता तरी आलं असतं. आजचं सगळं माहीत असून केलं. भजनी मंडळाची पैशांची पेटी माझ्याकडे असते, बाया डोळे मिटून पैसे हातात देतात. घरात माझा शब्द खरा मानतात. सोळा वर्षं मी सांगितलं ते खोटं होतं असं कळलं तर मला काय म्हणतील, ह्या एका भीतीनं मी तुम्हाला दुसऱ्यांदा गुन्हेगार केलं, तेही तुमच्याच लेकाच्या ताटाशी बसून.

हे पाकिटात घालायचं नाही, पत्ता तरी कुठला लिहू? खरं सांगते, तुम्ही उलटून बोलणार नाही म्हणूनच तुम्हाला लिहायला सोपं गेलं. जो बोलेल तो तुमचा लेक आता मळ्यातून क्रेट उतरवून येईल. आज त्याला सांगायचं असं ठरवलंय, म्हणजे निदान चार वाजता तरी ठरलेलं आहे. तुमच्यासारखाच आहे तो, मनाला लागलं की जेवत नाही. तर त्याला जेवायच्या आधी सांगू की जेवण झाल्यावर, तेवढं उलट टपाली कळवा.