खोट्या हजेरीचं प्रकरण

जुळे सोलापूर,
२६ नोव्हेंबर

ती. मथुराअक्कास,

धाकट्या मुकुंदाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, तुझी म्हैस आणि तुझा राग, तिन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. जेऊरला थंडी पडली असेल. इथे पहाटे अर्धा तास पडते म्हणतात. (म्हणतात, कारण त्या अर्ध्या तासात मी बहुधा पांघरुणात असतो. पत्राचा विषय तोच आहे.) फोन मुद्दामच केला नाही. सरोजिनी स्वयंपाकघरातून अर्धा फोन ऐकते आणि उरलेला अर्धा ताडते.

तुला ठाऊकच आहे, चौतीस वर्षं मी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं, आणि पाच मिनिटं उशिरा आलेल्याच्या नावापुढे लेटमार्क टाकायचा. मे महिन्यात निवृत्त झालो, भोंगा तिकडेच राहिला, आणि दिवसाचं काय करायचं ते कुणी सांगेना. चार वेळा चहा. पेपर निविदांसकट. मग काही काम हवं म्हणून सरोजिनीच्या पाठीशी उभं राहून एका भाकरीला किती वेळ लागतो याची नोंद ठेवू लागलो. अकराव्या भाकरीला तिनं उलथनं खाली ठेवलं आणि म्हणाली, "अहो, एक महिना शिस्तीत राहून दाखवा. एक दिवस जरी चुकलात, तर चार महिने जेऊरला अक्कांकडे." त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, "पाठव की त्याला हिकडं, लई सरळ करते." आता अक्का, तू मोठी आहेस, तुझ्यावर आरोप करत नाही. पण सकाळी अट आणि संध्याकाळी आमंत्रण, याला टाइम ऑफिसात योगायोग म्हणत नसत. तेव्हापासून मी डोळे उघडे ठेवून आहे.

एक तारखेपासून हंगाम सुरू केला. कारखान्यात गळीत सुरू करण्याआधी बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, तसं मी आपल्या पाण्याच्या बंबाचं केलं. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, दोन शब्द बोललो. (श्रोते: सरोजिनी आणि शेजारच्या निंगव्वा. टाळ्या: नाहीत.) साडेपाचला उठणे, तलावापर्यंत फेरी, प्राणायाम, वाचन, दुपारी वीस मिनिटांपेक्षा जास्त झोप नाही, आणि भाकरीच्या वेळी स्वयंपाकघरात प्रवेश नाही. हे शेवटचं कलम सरोजिनीनं घातलं. हजेरीसाठी तीस रकान्यांचं मस्टर आखून कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगलं. पद्धत जुनीच: हजर असेन तर सकाळी हिरव्या शाईनं 'ह', नसेन तर रकाना दिवसभर कोरा, आणि संध्याकाळी मस्टर बंद करताना लाल शाईनं 'गै'. दुसऱ्याच दिवशी कठीण गेलं, पण उठलो. आठ तारखेपर्यंत रेकॉर्ड असं होतं की मीच मला बढती दिली असती.

मग संशयास्पद गोष्टी घडू लागल्या. निंगव्वा मूळच्या अक्कलकोटकडच्या, म्हणजे सरोजिनीच्या माहेरच्या बाजूच्या. त्या आणि सरोजिनी एरवी मराठीत बोलतात, पण मी खोलीत शिरलो की दोघी कानडीत शिरतात. मला कानडी जेवणापुरतं येतं. तरी 'ब्याड' म्हणजे 'नको' हे जावयालाही कळतं. एका दुपारी सरोजिनी तीनदा 'ब्याड' म्हणाली आणि एकदा 'जेऊर'. मी दारात दिसताच निंगव्वा मोठ्यांदा म्हणाल्या, "या की साहेब, शेंगाची चटणी कुटायलोय, चाखता काय?" चटणी चाखली. (उत्तम होती. साक्षीदार फोडायची हीच जुनी रीत.) 'ब्याड' कुणाला, हे सांगायला पंचांग लागत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

आता मूळ प्रकरण. नऊ तारखेला मी साडेसातला उठलो. नाकारत नाही. गजर वाजला, मी त्याला शांत केलं, आणि त्यानं मला. तोंड पाडून दिवस काढला, दुपारी जेवण गेलं नाही. संध्याकाळी लाल पेन घेऊन मस्टरापाशी गेलो तर रकान्यात 'ह'! वाटलं, झोपेत आपणच टाकला असेल. चौदा तारखेला पुन्हा उठलो नाही, पुन्हा 'ह'. तेव्हा कान टवकारले. एकवीस तारखेला सापळा लावला. म्हणजे मुद्दाम उठलो नाही. (थोडासा मुद्दाम.) हिरवं पेन उशीखाली ठेवलं. संध्याकाळी रकान्यात निळ्या बॉलपेनचा 'ह', आणि निळं बॉलपेन घरात एकच आहे, दुधाचे लिटर लिहायला कॅलेंडरला दोऱ्यानं बांधलेलं. चौतीस वर्षं मी एकाच्या नावापुढे दुसऱ्यानं लावलेली हजेरी अक्षरावरून पकडत आलो. माझ्या 'ह'ची शेपटी सरळ खाली जाते. या तीन 'ह'ची शेपटी चकलीसारखी आत वळते. अशी शेपटी मी वाणसामानाच्या यादीत हळद आणि हिंग यांच्यावर तीस वर्षं पाहत आलो आहे.

गुन्हेगार सापडला, पण हेतू सापडेना. मला जेऊरला पाठवायचं असतं, तर तिला काहीच करायला नको होतं. रकाना कोरा सोडला की काम झालं. खोट्या हजेरीचा फायदा फक्त आरोपीला, म्हणजे मला. आणि एवढ्या नोकरीत मी असा एकही इसम पाहिला नाही, ज्यानं दुसऱ्याची हजेरी लावली आणि बदल्यात निदान चहा मागितला नाही. तीन दिवस विचार केला. काल दुपारी भाकरी मोडताना एकदम लक्षात आलं, की त्या दिवशी 'ब्याड' मला नव्हतं, जेऊरला होतं. हातातली भाकरी तशीच राहिली. सरोजिनी म्हणाली, "आता काय झालं? हिचाही टाइम घेतला का?"

नियमाप्रमाणे खोटी हजेरी लावणारा आणि लावून घेणारा, दोघेही निलंबित. दुरुस्ती केली तर तीन दिवस गैरहजर, अट मोडली, मी जेऊरच्या गाडीत. नाही केली तर चौतीस वर्षांच्या नावाला बट्टा. काल संध्याकाळी लाल पेनाचं टोपण काढलं, बराच वेळ मस्टरासमोर उभा राहिलो आणि टोपण परत लावलं. आयुष्यात पहिल्यांदा. तुला सांगितल्यावाचून चैन पडेना, म्हणून हे पत्र. माणसानं आयुष्यात सचोटी सोडू नये, हेच खरं.

तुझा आज्ञेतला,
मुकुंद

ता. क. १: एक तारखेला सरोजिनी तुला निकाल कळवायला फोन करील. तिच्या तोंडून 'तिसांपैकी तीस' ऐकलंस की आश्चर्य दाखवू नकोस. 'तरी पण पाठव' असं तर मुळीच म्हणू नकोस. घर रंगवायला काढलंय म्हण. म्हैस माणसं ओळखेना झालीय म्हण. काहीही म्हण.

ता. क. २: वन्सं, नमस्कार. पाकिटाला डिंक मागितला म्हणून वाचलं. हजेरी मी लावलेली नाही, मला काय दुसरे उद्योग नाहीत? गैरहजेरी पडली की हे तोंड पाडून बसतात, जेवत नाहीत आणि भाकरी उरते, एवढंच माझं म्हणणं. ह्यांना तिकडे बोलावू नका. तुम्हीच या आठ दिवस. तुम्ही घरात असलात की हे पहाटे आपोआप उठतात. सरोजिनी.

ता. क. ३: अक्का, वरच्या मजकुरातला प्रत्येक 'ह' शेपटीसकट तपासावा. चौकशी अधिकारी म्हणून तुला नेमत आहे. निकालाची घाई करू नये. शक्यतो फाइल हरवावी.

ता. क. ४: पाकीट बंद करण्याआधी मस्टर पाहून आलो. सत्तावीस ते तीस, चारही रकाने भरलेले आहेत, निळ्या शाईत. आज सव्वीस तारीख आहे. उद्याचा गजर मी बंद करून ठेवला आहे.